नुकसान कुणाचं, भरपाई कुणाची: नाशिकमध्ये पुनर्स्थापक न्यायाची पहिली बैठक घेणाऱ्यांसाठी

समजा, रंगपंचमीची संध्याकाळ आहे. जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, मनसोक्त उड्या मारून अकरावी-बारावीतली तीन मुलं दोन मोपेडवरून सिडकोत परततात. चौकात भाजीची हातगाडी लावणाऱ्या मावशींना धक्का लागतो, त्या ओरडतात, मुलं उलट बोलतात आणि बोलाचाली वाढून हातगाडी उलटते. टोमॅटो रस्त्यावर, मेथीच्या जुड्या गटारीत, वजनकाटा फुटलेला. मुलं पळून जातात, पण ती कुणाची कोण हे निम्म्या चौकाला ठाऊक असतं.

पुढे बहुतेक दोनच गोष्टी होतात. एक तर कुणी वजनदार माणूस मध्ये पडतो, मावशींच्या हातात पाचशेची नोट ठेवतो आणि म्हणतो, ‘पोरंच आहेत, द्या सोडून.’ नाहीतर मावशी पोलीस ठाण्यात जातात, अर्ज देतात आणि तो अर्ज तिथेच पडून राहतो. दोन्ही वेळा मावशींना कुणी विचारत नाही की बाई, तुमचं नेमकं काय गेलं? आणि त्या तीन मुलांवर मावशींच्या डोळ्यांत बघून बोलायची वेळ कधी येत नाही.

पुनर्स्थापक न्याय, म्हणजेच रिस्टोरेटिव्ह जस्टिस, नेमका इथून सुरू होतो. कोणता नियम मोडला आणि शिक्षा किती, हे प्रश्न तो आधी विचारत नाही. त्याचे प्रश्न वेगळे असतात: इजा कुणाला झाली? त्यांना आता कशाची गरज आहे? आणि ती गरज पुरी करायची जबाबदारी कुणाची? हॉवर्ड झेर या अमेरिकी अभ्यासकाने हे प्रश्न असे साध्या भाषेत मांडले आणि जगभर या विषयाची ओळख बहुधा त्यांच्या मांडणीपासूनच करून दिली जाते. आपल्या सोसायटीत, गल्लीत, शाळेत किंवा गावात असं काही सुरू करावं असं ज्यांना वाटतं, पण कुठून हात घालावा कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

थोडा मागचा धागा

१९७४ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, एल्मायरा नावाच्या छोट्या गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. त्यांच्यावर देखरेख असलेल्या परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना प्रत्येक नुकसानग्रस्ताच्या दारात पाठवावं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. दोघे दारोदार गेले, लोकांचं ऐकून घेतलं आणि भरपाई ठरवून आले. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांसाठी कुटुंबांची एकत्र बैठक आणली. त्यामागे माओरी समाजाची तक्रार होती की आमच्या मुलांचे निर्णय आम्हाला बाहेर ठेवून घेतले जातात. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा इथल्या पोलिसांनी तीच कल्पना उचलून प्रश्नांचा एक ठरावीक क्रम तयार केला. पुढे दिलेले प्रश्न त्याच वळणाचे आहेत. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने या कामाची मूलभूत तत्त्वं स्वीकारली.

‘आपल्याकडे पंच होतेच की!’

ही कल्पना कुठेही मांडा, कुणी ना कुणी हे म्हणणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा, कारण नाशिकमध्ये हा आक्षेप हलका नाही. २०१३ साली याच शहरात जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा घरच्यांकडूनच जीव गेला आणि त्यानंतर जातपंचायतींविरुद्धची मूठमाती मोहीम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने इथूनच उभी केली. त्या मोहिमेच्या रेट्यातून राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला. तो २०१६ चा असून जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जातपंचायतीत पंच निकाल देतात, दंड पंचांकडे जातो आणि बाईला बहुतेक वेळा बोलूही दिलं जात नाही. आपण घेणार त्या बैठकीत निकाल देणारा कुणीच नसतो. सूत्रधार फक्त बोलणं चालू ठेवतो. जे ठरतं ते ज्याचं नुकसान झालं आणि ज्याने केलं ते दोघे ठरवतात. एक रुपयाही तिसऱ्याच्या खिशात जात नाही. यातली एक जरी गोष्ट सुटली तर तुम्ही जातपंचायतच नव्या नावाने चालवताय, एवढं स्पष्ट समजा.

दुसरी तुलना तंटामुक्तीची. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना लोकसंख्येप्रमाणे बक्षिसं मिळाली. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे आजही जुनी माणसं त्या समितीबद्दल सांगतात. बांधावरचे, पाटपाण्याचे कित्येक वाद कोर्टाची पायरी न चढता संपले, आणि गाव एकत्र बसू शकतं हा विश्वास त्या मोहिमेने दिला. पण बक्षिसाला आकडा जोडला की ‘किती मिटले’ हे मोजलं जातं, ‘कसे मिटले’ हे मागे पडतं. ज्याचा आवाज बारीक, त्याच्यावर सही करायचा दबाव येतो. म्हणून माझा आग्रह आहे की आपल्या कामाला कधीही लक्ष्य ठेवू नका आणि किती प्रकरणं मिटली याचा फलक लावू नका.

आणि नाशिककरांनी १९३० ची रामनवमी विसरू नये. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होता. रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा असा समेट ठरला होता. ऐन वेळी सवर्णांनी अस्पृश्यांना हात लावू न देता रथ पळवला, दगडफेक झाली. समेट झाला होता, पण तो पाळला जावा म्हणून बलवान बाजूवर कसलंही बंधन नव्हतं. आपण जो कागद लिहून घेणार आहोत त्याचं वजन सहीत नसून पुढच्या पाठपुराव्यात असतं. म्हणून या लेखात पाठपुरावा ही स्वतंत्र पायरी ठेवली आहे.

कशाला हात लावायचा नाही

नवीन माणसाचा उत्साह दांडगा असतो, म्हणून हे आधी. घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांवरचे लैंगिक गुन्हे, अॅट्रॉसिटीची प्रकरणं, जातीबाहेरच्या लग्नावरून दिलेल्या धमक्या: यातलं काहीही गल्लीतल्या बैठकीत घ्यायचं नाही. काही देशांत प्रशिक्षित माणसं, पीडितेने स्वतः मागितलं तर, अशा प्रकरणांतही काम करतात. ते आपलं क्षेत्र नाही. नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं की बाई त्या खोलीत जे बोलते त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. पॉक्सोच्या बाबतीत तर पर्यायच नाही. माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. अशा वेळी तुमचं काम एवढंच की त्या व्यक्तीला योग्य दारापर्यंत पोचवायचं. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक तोंडपाठ असू द्या.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. पार्किंग, पाण्याची गळती, मंडळाच्या स्पीकरवरून झालेली हातघाई, शाळेतली मारामारी आणि चिडवाचिडवी, दुकानासमोरची नासधूस, कामाच्या ठिकाणचा अपमान, बांध कोरणं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाची केलेली बदनामी. शेजारी शेजारीच राहणार आहे आणि उद्या पुन्हा त्याच जिन्यात भेटणार आहे, असे सगळे तंटे इथे बसतात.

पहिली पायरी: चार-सहा माणसं आणि सराव

एकट्याने सुरू करू नका. चार ते सहा जणांचा गट पुरे. त्यात निम्म्या बाया हव्यात आणि सगळे एकाच आडनावांच्या वर्तुळातले नकोत. निवृत्त शिक्षिका, बचत गटाच्या ताई, अंगणवाडी सेविका, कंपनीतला कामगार प्रतिनिधी, मंडळाचा समजूतदार कार्यकर्ता अशी माणसं शोधा. निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेल्याला नम्रपणे बाजूला ठेवा. त्याचा हेतू चांगला असला तरी समोरच्याला मत दिसतं.

महिना-दोन महिने कोणताही तंटा हातात न घेता फक्त गोल बसायचा सराव करा. आठवड्यातून एकदा तासभर बसा आणि हातात एखादी वस्तू फिरवा: लाकडी भोवरा, पितळी वाटी, काहीही. ती ज्याच्या हातात असेल तोच बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि बोलायचं नसेल तर वस्तू पुढे देता येते. विषय साधे घ्या: ‘माझ्यावर अन्याय झाला तेव्हा मला काय हवं होतं?’ मध्येच तोंड न घालता ऐकणं किती कठीण आहे हे यातच कळतं. सल्ला द्यायची सवय ज्यांना मोडता येत नाही ते गटात राहू द्यात, पण सूत्रधार म्हणून बसवू नका.

गटात बोलीचाही विचार करा. कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आलेली कुटुंबं घरात अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठकडून आलेली कोकणा बोलतात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत उत्तर भारतातले कामगार आहेत. राग आणि दुःख माणूस आपल्या बोलीतच नीट सांगतो. समोरची बोली समजणारा एक तरी माणूस गटात असला तर बैठकीचा सूरच बदलतो.

दुसरी पायरी: प्रकरण घ्यायचं की नाही

तीन गोष्टी तपासा. ज्याने केलं त्याला ‘हो, माझ्याकडून झालं’ हे निदान ढोबळ मानाने मान्य आहे का? तो साफ नाकारत असेल तर बैठक होऊ शकत नाही. खरं-खोटं शोधणं आपलं काम नाही, त्यासाठी पोलीस आणि न्यायालय आहेत. दुसरं, दोघेही स्वतःच्या इच्छेने येतायत का? तिसरं, समोरासमोर आल्यावर कुणाला पुन्हा इजा व्हायची भीती आहे का?

पोलिसांत नोंद झाली असेल तर काय, हा प्रश्न लगेच येतो. अदखलपात्र नोंद असेल तर बैठकीला अडचण नाही. एफआयआर झाला असेल तर तो तुम्ही बैठकीत ‘मागे’ घेऊ शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये कोणते गुन्हे तडजोडीने मिटू शकतात त्याची यादी आहे. काही तक्रारदाराच्या संमतीने, काही न्यायालयाच्या परवानगीने. साधी दुखापत त्यात येते. तेव्हा वकिलाला विचारा, नाहीतर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आपल्या उदाहरणातली मुलं अठराच्या आतली आहेत. अशा किरकोळ प्रकरणात मुलांवर एफआयआर होत नाही. पोलीस दैनंदिनीत नोंद करून बाल न्याय मंडळाला अहवाल पाठवतात. २०१५ चा बाल न्याय कायदा समज देणं, समुपदेशन, समाजसेवा असे मार्ग सांगतो. आपली बैठक त्या मंडळाची जागा घेत नाही. आणि मुलांचं नाव बाहेर फुटणार नाही ही जबाबदारी आपलीही आहे.

तिसरी पायरी: वेगवेगळ्या भेटी

खरं काम इथे होतं. नवीन लोक बैठकीच्या दिवसाची तयारी करतात: खुर्च्या, चहा, कोण कुठे बसणार. बैठकीत जे चांगलं घडतं ते जवळजवळ सगळं या आधीच्या भेटींमध्ये पेरलेलं असतं. म्हणून या पायरीला घाई करू नका. एका तासाच्या बैठकीसाठी चार-पाच भेटी लागल्या तरी त्या जास्त नाहीत.

आधी मावशींकडे जा. दोघांनी जा, त्यात एक बाई असू द्या. त्या पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डात माल घ्यायला जातात आणि संध्याकाळी गाडीवर असतात. म्हणजे दुपारी जा, त्यांना सोयीचं असेल तेव्हा. सोबत कुणी पुढारी नको, मुलांचे आईबाप तर नकोतच. पहिला प्रश्न विचारा: ‘त्या दिवशी काय झालं?’ आणि गप्प बसा. मग: ‘त्यानंतर काय बदललं?’ हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे.

बाहेरच्यांना वाटतं नुकसान म्हणजे भाजी आणि काटा. मावशी सांगतील की त्या दिवसापासून अंधार पडला की मी गाडी उचलते. संध्याकाळी सात ते नऊ हा त्यांच्या धंद्याचा खरा वेळ, कामावरून परतणारी माणसं तेव्हाच भाजी घेतात. तो गेला. माल उधारीवर उचललेला होता, व्यापाऱ्याचं देणं थकलं. मुलगी क्लास बुडवून सोबत येऊन उभी राहते. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट: चौकात कुणीतरी पसरवलंय की मावशींनीच आधी शिवी दिली. आता सांगा, पाचशेच्या नोटेत यातलं काय आलं?

त्यांना हेही विचारा: ‘तुम्ही बोललात तर कुणी त्रास देईल अशी भीती आहे का?’ बऱ्याचदा उत्तर येतं की फ्लॅटवाली माणसं आहेत, अतिक्रमणवाल्यांना फोन केला तर माझी गाडीच उचलतील. ही भीती काल्पनिक नसते. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा आहे हे त्यांना सांगा, आणि ‘जागेवरून कुणीही तक्रार करणार नाही’ हे मुलांच्या पालकांकडून बैठकीआधीच स्पष्ट करून घ्या. दोन बाजू एका पातळीवर नसतात हे मान्य केल्याशिवाय गोल बसण्याला अर्थ नाही. एक फ्लॅटमालक, एक हातगाडीवाली, एक पुरुष, एक बाई, वेगवेगळ्या जाती: हे सगळं त्या गोलात येऊन बसतं. सूत्रधाराने ते दिसत नसल्यासारखं वागणं म्हणजे बलवानाची बाजू घेणं होय.

मावशी ‘मला त्यांचं तोंड बघायचं नाही’ म्हणाल्या तर तो निर्णय पूर्ण आहे. मन वळवू नका. पत्र, किंवा त्यांच्या वतीने भावाने अथवा मैत्रिणीने येणं, असे पर्याय सांगा. तेही नको असतील तर थांबा. आणि ‘माफ करून टाका, मोठ्या मनाच्या आहात’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही यायला नको. माफी हे या प्रक्रियेचं उद्दिष्ट नाही. कधी ती मिळते, कधी नाही, आणि दोन्ही वेळा बैठक यशस्वी होऊ शकते.

मग मुलांकडे. इथे आधी पालक भेटतात. बहुतेक वेळा वडील एकतर पाकीट काढतात नाहीतर मुलाच्या कानाखाली ओढतात. दोन्ही थांबवा, शांतपणे. पाकिटाने मुलगा सुटतो, मारानेही सुटतो, कारण मार खाल्ला की हिशेब फिटला असं त्याला वाटतं. त्याने करायचं ते अवघड काम अजून बाकी असतं. मुलांना एकेकटं भेटा, तिघांना एकत्र नको. एकत्र असली की ती एकमेकांकडे बघून बोलतात. विचारा: ‘काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? नंतर काय काय वाटलं? यामुळे कुणाकुणाला त्रास झाला असं तुला वाटतं?’ ‘का केलंस?’ हा प्रश्न टाळा. त्याचं खरं उत्तर मुलाकडे नसतं, मग तो सबब बनवतो. तिघांमधला एक हळूच म्हणेल की हातगाडी उलटल्यावर मला परत जायचं होतं, पण बाकीचे पळाले. हे वाक्य त्याला बैठकीत स्वतःहून म्हणता यावं एवढंच बघा. त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका.

शेवटी सोबतीची माणसं ठरवा. प्रत्येकाबरोबर एक-दोन अशी की जी त्याला धरून ठेवतील, त्याचं वकीलपत्र घेणार नाहीत. मुलांसाठी एखादा मामा, एखादे सर. मावशींसाठी मुलगी किंवा शेजारच्या गाडीवाल्या ताई.

चौथी पायरी: जागा

पोलीस चौकी नको, सोसायटीच्या चेअरमनचं घर नको, कोणत्याही पक्षाचं कार्यालय नको. अभ्यासिका, समाजमंदिर, शाळा सुटल्यावरचा वर्ग चालेल. सगळे खुर्चीवर किंवा सगळे सतरंजीवर. निम्मे वर, निम्मे खाली असं कधीही नको. मध्ये टेबल ठेवू नका. मोबाइल बंद करून एका टोपलीत. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही.

पाचवी पायरी: बैठक

सुरुवातीला सूत्रधाराने तीन-चार वाक्यांत सांगावं: इथे कुणी न्यायाधीश नाही, कुणीही केव्हाही उठून जाऊ शकतं, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही (फक्त कुणाच्या जिवाला धोका असल्याचं कळलं तर कळवावं लागेल), आणि एका वेळी एकच बोलेल. मग कोण आधी बोलणार हे मावशींनी भेटीतच ठरवलेलं असावं. काहींना आधी समोरच्याचं ऐकायचं असतं, काहींना आपलं मन मोकळं केल्याशिवाय ऐकताच येत नाही.

मुलं काय केलं ते सांगतात. मावशी काय झालं ते सांगतात. मग त्यांची मुलगी, मग पालक. मुलीचा क्लास बुडतोय हे ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कोणत्याही भाषणाने उमटत नाही. ही मुलं त्याच वयाची, कदाचित त्याच क्लासची. अशा वेळी खोलीत शांतता पसरते. ती मोडू नका. नवीन सूत्रधाराचा जीव कासावीस होतो, काहीतरी बोलून ती भरून काढावीशी वाटते. थांबा. पुढचं खरं वाक्य त्या शांततेतूनच येतं.

आपल्याकडे हमखास एक काका असतात जे म्हणतात, ‘चला रे, मावशींच्या पाया पडा आणि विषय संपवा.’ त्यांना हात जोडून थांबवा. सांगून पडलेल्या पाया मावशींना काहीच देत नाहीत, आणि मुलांना तीन सेकंदांत मोकळं करतात. मुलगा स्वतःहून उठला तर गोष्ट वेगळी.

कुणी आवाज चढवला तर वस्तू परत सूत्रधाराकडे येते, पाच मिनिटं थांबायचं. पुन्हा तेच झालं तर बैठक त्या दिवशी तिथेच संपवायची. ओढून-ताणून पूर्ण करू नका.

सहावी पायरी: काय भरून द्यायचं

सगळ्यांचं बोलून झालं की मावशींना विचारा: ‘आता काय झालं तर तुम्हाला बरं वाटेल?’ मग मुलांना: ‘तुम्हाला काय करता येईल?’ चहा आत्ता आणा. एक जण कागद लिहीत असतो, बाकीचे कप हातात धरून बोलत असतात. जगभरच्या अशा बैठकांत खाण्यापिण्याची वेळ हीच ठेवतात, कारण गोलात न निघालेले शब्द इथे निघतात.

कागदावर मोघम काही नको. ‘पुन्हा असं करणार नाही’ हे लिहायला सोपं आणि तपासायला अशक्य. आपल्या उदाहरणात असं लिहिता येईल: अमुक तारखेपर्यंत नवा वजनकाटा, मालाचे पैसे दोन हप्त्यांत, त्यातला काही भाग मुलांनी स्वतः कमावलेला किंवा स्वतःच्या खर्चातून वाचवलेला, मावशींना हवं असेल तर चार रविवार पहाटे मार्केट यार्डातून माल चढवायला मदत, आणि ज्या चौकात ती अफवा पसरली तिथल्या माणसांसमोर मुलांनी सांगायचं की शिवी मावशींनी दिली नव्हती, सुरुवात आमच्याकडून झाली. ही शेवटची अट पैशांहून मोठी आहे. ती मावशींनी मागितली तरच घाला, आणि मुलांना आधी विचारा की ते जमेल का.

उठाबशा, मुंडण, सगळ्यांसमोर मुस्काटात मारणं, माफीचा व्हिडिओ, दंड म्हणून गावजेवण, ‘यांच्याशी कुणी बोलायचं नाही’ हे कागदावर काय, तोंडीसुद्धा येऊ देऊ नका. अपमानाने भरपाई होत नाही, आणि बहिष्काराला तर कायद्यानेच बंदी आहे.

हा कागद न्यायालयाचा हुकूमनामा नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे: दोन्ही बाजूंची आधी संमती, तीन मध्यस्थ. पण तिथला करारसुद्धा हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही असंच कायदा म्हणतो. रक्कम मोठी असेल आणि दोन्ही बाजूंना कायद्याचं बंधन हवं असेल तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत जा. प्रकरण न्यायालयात दाखल नसलं तरी तिथे नेता येतं. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणूनच तिथे सही करण्याआधी मावशींना प्रत्येक ओळ वाचून दाखवलेली असली पाहिजे.

सातवी पायरी: पाठपुरावा

प्रत्येक तारखेला कोण जाऊन बघणार हे कागदावरच लिहा. त्या माणसाने खरंच जावं. काटा आला का, पहिला हप्ता मिळाला का, आणि मावशी आता सातनंतर उभ्या राहतात का? हा शेवटचा प्रश्न कागदावर नसला तरी विचारा. मुलांनाही भेटा. चौकातून जाताना त्यांना काय वाटतं, मित्र चिडवतात का?

शब्द मोडला गेला तर आधी कारण विचारा. कधी वडिलांची नोकरी गेलेली असते, कधी बारावीची परीक्षा आडवी येते. तेव्हा पुन्हा छोटी बैठक घेऊन तारखा बदलता येतात, मावशी तयार असतील तर. निव्वळ टाळाटाळ असेल तर मावशींना स्पष्ट सांगा की पोलिसांचा आणि न्यायालयाचा रस्ता तुमच्यासाठी उघडा आहे, आणि आम्ही सोबत येऊ. बैठकीत आलात म्हणून तक्रारीचा हक्क गेला असं कुणालाही वाटता कामा नये.

हे लोकांपर्यंत कसं न्यायचं

व्याख्यान ठेवू नका. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. त्याऐवजी जिथे माणसं आधीच जमतात तिथे पंधरा मिनिटं मागा: सोसायटीची वार्षिक सभा, बचत गटाची बैठक, गणपतीआधीची मंडळाची मीटिंग, शाळेची पालक सभा. एक काल्पनिक तंटा सांगा आणि विचारा: ‘इथे नुकसान कुणाचं झालं?’ दहा मिनिटांत लोक स्वतःच यादी करतात, आणि ती पैशांपलीकडे जाते.

शाळा ही सुरुवातीला सगळ्यात चांगली जागा. एक-दोन शिक्षक तयार झाले तरी पुरे. रोज हजेरीनंतर दहा मिनिटं वर्ग गोल बसला की मारामारीच्या दिवशी गोल नवा वाटत नाही. मुख्याध्यापकांना एवढंच सांगा की शिस्तीचे नियम तसेच राहतील, फक्त दाखला हातात द्यायच्या आधी एकदा बसून बघू.

पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या भागाच्या अंमलदारांना भेटून ठेवा. आम्ही काय करतो, काय करत नाही हे एका पानावर लिहून द्या. विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक असतात, त्यांच्यातल्या कुणाला गटात बोलवा. अडलेल्या वेळी कलमं त्यांना माहीत असतात.

नोंदवही ठेवा, पण नावांशिवाय: तंट्याचा प्रकार, भेटी किती, बैठक झाली की नाही, काय ठरलं, काय पाळलं गेलं, आणि नुकसान झालेल्या माणसाने तीन महिन्यांनी काय सांगितलं. ज्या कागदांवर नावं आहेत ते पाठपुरावा संपल्यावर दोन्ही बाजूंना एकेक प्रत देऊन आपल्याकडचे नष्ट करा. गटाची दर महिन्याची बैठक या नोंदवहीवर घ्या, आणि चर्चेला आधी ती प्रकरणं घ्या जिथे बैठक होऊ शकली नाही.